थांबलेला ओडोमीटर: 1986 च्या एका पोर्शे 944 ची खरेदीपूर्व तपासणी

जाहिरातीत चार गोष्टी होत्या: 1986 चं मॉडेल, 91,800 किलोमीटर, गाडी कायम बंद गॅरेजमध्ये आणि इंजिन ‘एक नंबर’. घेणारा माझ्या चांगल्या ओळखीतला मुलगा. रोजच्या वापराला त्याच्याकडे दुसरी गाडी आहे. ही हवी होती ती सुट्टीच्या दिवशी चार-पाच तास मनसोक्त चालवायला, आणि अर्ध्या रस्त्यात उभी न राहता घरी परत आणायला. गाडी पोर्शे 944. त्याने फोन करून विचारलं, “दादा, ही गाडी भरवशाची असते का?”

गाडी दहा वर्षांची असेपर्यंत मॉडेलच्या भरवशाची चर्चा ठीक आहे. पस्तिशी ओलांडलेल्या गाडीत कारखान्याने काय बसवलं होतं याला फार अर्थ उरत नाही. शेवटच्या आठ-दहा वर्षांत कोणी काय बदललं आणि कोणी काय पुढे ढकललं, यावर सगळं ठरतं. त्याच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्यांपैकी एक आज बिनघोर हजार किलोमीटर जाते आणि दुसरी गल्लीच्या तोंडाशी बंद पडते. म्हणून त्याला एवढंच म्हटलं, मॉडेलची माहिती काढू, पण ती कुठे बघायचं हे कळावं म्हणून. बाकी सगळं या एका गाडीलाच विचारायचं.

मॉडेलबद्दल थोडं

944 आली 1982 मध्ये आणि बनत राहिली 1991 पर्यंत. एकूण सुमारे 1 लाख 63 हजार गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक जर्मनीतल्या नेकार्सुल्म इथल्या ऑडीच्या कारखान्यात. तिच्या आधीच्या 924 चं इंजिन ऑडीच्या घराण्यातलं होतं आणि फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही त्याच कुळातलं इंजिन असे, त्यामुळे नाक मुरडणारे तिला ‘व्हॅनचं इंजिन’ म्हणून हिणवत. 944 हे त्याला दिलेलं उत्तर होतं. 2,479 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन पोर्शेने स्वतः केलं, 928 च्या व्ही-8 इंजिनाच्या एका बाजूच्या आधारावर. ‘928 चं इंजिन मधोमध कापलं’ असं सर्रास सांगतात, पण एकाचे भाग दुसऱ्याला लावायला गेलात तर फारसं काही बसत नाही.

100 मिलिमीटर बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच थरथरतं. ती थरथर मारायला क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या, दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट घातले, त्यासाठी मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेतला. युरोपातल्या गाडीला 163 अश्वशक्ती मिळाली. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेला आणि इंजिनाशी तो एका लांब नळीतल्या शाफ्टने जोडला, हीच ती टॉर्क ट्यूब. त्यामुळे पुढचं-मागचं वजन जवळजवळ सारखं झालं आणि वळणावर गाडी कशी वागते याचं अजूनही कौतुक होतं. पत्रा जस्त चढवलेला.

या प्रत्येक गुणामागे देखभालीचं एक बिल दडलेलं आहे. बॅलन्स शाफ्ट आले म्हणून टायमिंग बेल्टशेजारी (पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणारा तो) दुसरा बेल्ट आला, आणि तो तुटून त्याचे तुकडे पहिल्यात अडकले तर दोन्ही जातात. गिअरबॉक्स मागे गेला म्हणून क्लच बदलायला एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब सगळं उतरवावं लागतं. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा, आत वेगळ्या नळ्या (लायनर) नाहीत. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे गेले तर नेहमीच्या पद्धतीने बोअर करून भागत नाही. सर्वांत महत्त्वाचं, टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. गाडी नुसती बंद पडून थांबत नाही, हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं. त्यामुळे या गाडीच्या तपासणीत रंग, चामडं, टेप हे सगळं नंतर. आधी बेल्ट.

फाइल

विकणारे काका साठीच्या पुढचे. गाडी त्यांच्याकडे पंधराएक वर्षं होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता हे दिसत होतं. बिलांची फाइल त्यांनी आपणहून पुढे केली. लोक फाइलची जाडी बघतात आणि खूश होतात. मी तारखा आणि किलोमीटरचे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घेतो.

2014 मध्ये दोन्ही बेल्ट बदलले होते, तेव्हा 84 हजार आणि काही. 2015 ला 88 हजारांच्या पुढे. 2017 च्या उन्हाळ्यात चारही टायर नवे, तेव्हा 91,700. त्यानंतर 2019 मध्ये बॅटरी, 91,800. 2020 मध्ये पुढचे ब्रेक पॅड, 91,800. 2022 मध्ये ऑइल आणि फिल्टर, पुन्हा 91,800. आम्ही 2023 मध्ये गाडीसमोर उभे होतो आणि आकडा तोच होता.

मुलगा पटकन म्हणाला, “म्हणजे गाडी सहा वर्षं उभीच आहे.” काकांनीही मान डोलावली, त्यांना ते सोयीचंच होतं. पण उभ्या गाडीचे ब्रेक पॅड कसे झिजतील? मी खाली वाकून टायर बघितले. कडेवर चार आकड्यांचा शिक्का होता, 1617, म्हणजे 2017 सालचा सोळावा आठवडा, बिलातलेच टायर. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते. पुढच्या टायरवर मापक ठेवला तर 3.5 भरले, मागच्यावर 4 च्या आत. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, त्याला भेगा जातात, पण नक्षी अर्धी होत नाही. ही गाडी त्या सहा वर्षांत वीस-पंचवीस हजार किलोमीटर तरी पळाली असणार.

या काळातल्या पोर्शेंच्या ओडोमीटरमध्ये एक बारीक प्लास्टिकचं चक्र असतं, ते म्हातारपणी तुटतं किंवा शाफ्टवर घसरतं. ट्रिपचा आकडा चालत्या गाडीत शून्यावर आणला की हमखास. वेगाचा काटा चोख चालतो, आकडे तेवढे थांबतात, त्यामुळे कित्येक मालकांच्या लक्षातही येत नाही. काकांना विचारलं तेव्हा ते जरा गोंधळले, मग म्हणाले, “हो, ते मध्ये कधीतरी अडकलं. मी काही फार चालवत नाही, म्हणून राहिलं.” फसवायचा इरादा मला दिसला नाही. जाहिरातीतला आकडा मात्र खोटा होता आणि खरा आकडा आता कोणीच सिद्ध करू शकणार नव्हतं.

मुलाचा चेहरा पडला. माझं मत उलट होतं आणि ते मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. थांबलेला ओडोमीटर किमतीच्या दृष्टीने वाईट, पण गाडीच्या दृष्टीने ती त्या दिवशीची सर्वांत चांगली बातमी होती. सहा वर्षं खरोखर उभी राहिलेली 944 मी त्याला घेऊ दिली नसती. उभ्या गाडीत सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल सडून इंजेक्टर चिकटतात, ब्रेकचे कॅलिपर अडकतात, क्लच प्लेटला गंज धरतो. वर ‘कमी पळालेली’ म्हणून पैसे जास्त मोजावे लागतात. ही गाडी नियमित चालत होती, तिचं ऑइल बदललं जात होतं, ब्रेक घातले जात होते.

एकच गोष्ट त्यामुळे गंभीर झाली. 2014 च्या बेल्टवर ‘सात हजार किलोमीटर’ झालेत असं आकड्यांवरून वाटत होतं. खरा हिशोब नऊ वर्षं आणि तीस हजार किंवा त्याहून जास्त. जाणते मालक या इंजिनाला नेम लावतात तो तीन-चार वर्षं किंवा सुमारे 48,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. आणि नवा बेल्ट घातल्यावर काही हजार किलोमीटरनी त्याचा ताण पुन्हा तपासायचा असतो, कारण नवा बेल्ट सुरुवातीला ताणला जातो. 1987 पासून स्प्रिंगचा आपोआप ताण धरणारा टेन्शनर आला. ही गाडी त्याआधीची, म्हणजे ताण हातानेच लावायचा. त्या फेरतपासणीचं बिल फाइलमध्ये नव्हतं.

थंड इंजिन

आदल्या दिवशीच काकांना विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बोनटवर आणि रेडिएटरवर हात ठेवून खात्री केली. गरम करून ठेवलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं, ती लबाडी असो की नुसता उत्साह.

पहिलं काम ऑइल सम्पचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचं. गाडी रात्रभर उभी असल्याने ऑइलमध्ये पाणी असेलच तर ते तळाशी बसलेलं असतं. निथळायचा बोल्ट अगदी अर्धा आटा सैल करून पहिले थेंब पांढऱ्या वाटीत धरले. काळपट, स्वच्छ ऑइल, पाण्याचा मागमूस नाही. बोल्ट परत आवळला.

मग कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण उघडलं आणि मुलगा एक पाऊल मागे सरकला. झाकणाच्या आतल्या बाजूला आणि टाकीच्या भिंतींना कॉफीच्या रंगाचा घट्ट, चिकट थर. जुन्या गाड्यांत हा थर दिसला की लोक डोळे मिटून सांगतात, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलं. काकांच्या मेकॅनिकनेही त्यांना तेच सांगितलं होतं असं नंतर कळलं, आणि गाडी विकायला निघण्याचं ते एक कारण होतं.

या इंजिनात मात्र आणखी एक संशयित असतो, बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तोच. ब्लॉकच्या बाजूला ऑइल थंड करणारा छोटा कूलर एका पेटीत बसवलेला आहे. त्याच्या एका अंगाने ऑइल जातं, दुसऱ्या अंगाने कूलंट. दोघांमध्ये रबरी सील. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ही सील चपटी आणि टणक होतात. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब चार-पाच बार, कूलंटचा एकच्या आसपास, म्हणून ऑइल कूलंटमध्ये शिरतं आणि पाणी ऑइलमध्ये सहसा येत नाही. टाकीत चिखल आणि सम्पमध्ये शुद्ध ऑइल, हे चित्र त्या सिद्धांताशी जुळत होतं. पण जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि इंजिन बंद झाल्यावर उलटा प्रवाह होऊन थोडं पाणी बेअरिंगपर्यंत जाण्याची शक्यता उरतेच. हेड गॅस्केटची शंका वेगळी मोडून काढणं भाग होतं.

बेल्ट

डिस्ट्रिब्यूटरचं झाकण आणि रोटर काढल्यावर बेल्टचं वरचं कव्हर सुटतं. काकांची परवानगी आधी घेतली होती; परक्याच्या गाडीचा एक स्क्रूही न विचारता काढू नये. बॅटरीच्या उजेडात बेल्टची पाठ चकचकीत दिसत होती. बोट फिरवलं तर बोटाला काळं ऑइल लागलं. क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून, स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने हळूहळू फिरवलं आणि बेल्टचा इंच न् इंच बघितला. दातांच्या मुळाशी भेगा नव्हत्या, पण एका कडेला दोरे सुटायला लागले होते, म्हणजे कुठला तरी रोलर सरळ फिरत नव्हता. ऑइल पुढच्या सीलमधून येत होतं. क्रँकचं की बॅलन्स शाफ्टचं, ते खोलल्याशिवाय कळणार नव्हतं.

मी काकांना स्पष्ट सांगितलं की या बेल्टवर आम्ही गाडी चालवून बघणार नाही. ते दुखावले. “अहो, परवाच तर मी गावाबाहेर जाऊन आलो!” ते खरंही होतं. असले बेल्ट अनेकदा आणखी वर्षभर चालतात. पण चालवताना तुटला तर नुकसान कोणाचं, हा वाद मला गाडीत बसून करायचा नव्हता. शेवटी तोडगा निघाला. काकांनी स्वतः चालवायची, त्यांच्याच जोखमीवर, 3,000 आरपीएमच्या खाली, आणि आम्ही बाजूला व मागे बसायचं. मागच्या सीटवर मोठा माणूस मावत नाही हे मला त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं.

गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. थंड इंजिनातून क्षणभर निळसर झाक, मग स्वच्छ. आयडलला उजवीकडून जाणवणारी थरथर होती. एक्झॉस्टच्या बाजूचं इंजिन माउंटिंग बसलेलं असणार. ही माउंटिंग द्रव भरलेली असतात आणि एक्झॉस्टच्या उष्णतेने त्या बाजूचं आधी मरतं. इंजिन पुरतं तापल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा आयडलला 2.5 बारवर आणि थोडी रेस दिल्यावर 4.5 च्या वर होता. या इंजिनात दुसऱ्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग (पिस्टनची दांडी क्रँकला जोडते तिथलं) हा बदनाम भाग आहे, वळणावर जोरात चालवलेल्या गाड्यांत ते ऑइलवाचून घासतं. काट्यावरून ते ठणठणीत आहे असं ठरत नाही, पण गरम आयडलला काटा एकच्या खाली गेला असता तर मी तिथेच थांबलो असतो.

क्लच दाबल्यावर मधून येणारी किणकिण थांबायची. हे टॉर्क ट्यूबच्या बेअरिंगचं किंवा क्लचमध्ये मधोमध असलेल्या रबराचं लक्षण. मूळ क्लच प्लेटमध्ये धक्के शोषायला रबर घातलेलं असे. ते वयाने भुसभुशीत होऊन सुटतं, मग गिअर टाकला की पेडल सोडल्यावर गाडी धक्का देऊन उठते. काका सवयीने फार हळुवार पेडल सोडत होते. क्लचबद्दल माझा निष्कर्ष तिथेच झाला: बघता येत नाही, तो गेलेलाच धरून पैसे मोजायचे.

लीक-डाउन

परत आल्यावर, इंजिन गरम असताना, मुख्य परीक्षा घेतली. साधारण कॉम्प्रेशन टेस्टमध्ये स्टार्टर मारून इंजिन गरगर फिरवावं लागतं. बेल्टची अवस्था बघता ते मला नको होतं. लीक-डाउन टेस्टमध्ये पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के हवा निसटते ते मोजतात. इंजिन हातानेच फिरवायचं. शिवाय हवा कुठून निसटते हे कानाने कळतं: ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या नळीतून म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

चारही सिलिंडर सात ते नऊ टक्क्यांच्या आत आले. एवढ्या वयाच्या इंजिनाला हे फार छान. थोडी हवा ऑइलच्या तोंडातून येत होती, तेवढी येतेच. मुलाला मी टाकीपाशी उभं केलं होतं आणि बुडबुडे मोजायला सांगितलं होतं. मोजायला काहीच मिळालं नाही. गाडी चालू असताना टाकीच्या तोंडाशी धरलेला ज्वलनवायू ओळखणारा निळा द्रवही निळाच राहिला होता, पिवळा झाला नव्हता. दोन स्वतंत्र चाचण्या हेड गॅस्केटला निर्दोष ठरवत होत्या. राहिला कूलर.

हे काकांना सांगायचं की नाही? मुलाचं मत पडलं की सांगू नये. हेड गॅस्केटच्या धाकाने किंमत आणखी उतरेल. मी सांगितलं. एक तर त्यांनी फाइल लपवली नव्हती. दुसरं, खोट्या निदानावर झालेला सौदा पुढे कधीतरी अंगावर येतो, आणि या गाडीत खरे दोष सौद्याला पुरेसे होते.

खालून

लिफ्टवर गाडी चढवल्यावर फार वेळ लागला नाही. चेसिस नंबरात दहावं अक्षर ‘जी’, म्हणजे 1986, अकरावं ‘एन’, म्हणजे नेकार्सुल्म, कागदांशी जुळलं. जस्तामुळे तळ चांगला टिकला होता. पुढच्या फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात माती साचते, तिथे टोचणीने थोडा गंज निघाला. एका दाराखालच्या पट्टीवर चुंबक नीट धरत नव्हता. तिथे पुट्टी होती, तळहाताएवढी. बोनटखाली बॅटरीच्या ट्रेला आम्लाने खाल्लेलं होतं आणि तिथून पाणी आत पायापाशी उतरत असावं, कारण गालिचा खालून ओला लागला. 1985 च्या मध्यापासून पुढच्या चाकांना धरणारे आर्म अॅल्युमिनियमचे आले, त्यांचा बॉल जॉइंट वेगळा बदलायची सोय कारखान्याने ठेवली नाही. डाव्या जॉइंटमध्ये खेळ होता. पेट्रोलचे रबरी पाइप इंजिनाजवळ टणक होऊन भेगाळले होते. बेल्टखालोखाल मला काळजी वाटली ती यांची. बेल्ट तुटला तर इंजिन जातं, पाइप फुटला तर गाडी पेटते.

हिशोब

कामांचे मी दोनच भाग केले. पहिला, घेतल्या दिवशी, गाडी चालवायच्या आधी: दोन्ही बेल्ट, सगळे रोलर, टायमिंग बेल्टवरच फिरणारा पाण्याचा पंप, पुढची सगळी सील, ऑइल कूलरची सील, कूलंटचे सगळे रबरी पाइप (ऑइल लागलेलं रबर फुगतं आणि मऊ पडतं, ते धुऊन भागत नाही), पेट्रोलचे पाइप, डीएमई रिले. हा रिले म्हणजे इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारी काडेपेटीएवढी डबी. आतले डाख उष्णतेने तडकतात आणि गाडी काहीही कारण न देता बंद पडते. या गाडीच्या बेभरवशाच्या लौकिकातला मोठा वाटा या डबीचा आहे असं माझं मत आहे. दुसरा भाग, वर्षभरात कधीही: क्लच, टॉर्क ट्यूबची बेअरिंग, माउंटिंग, आर्म, बॅटरीचा ट्रे, टायर. टायरमध्ये नक्षी होती, पण ते सहा वर्षांचे झाले होते.

दोन्ही भागांची बेरीज मागितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ गेली. काकांनी पहिला भाग जसाच्या तसा मान्य केला, दुसऱ्याला हात झटकले. “क्लच चालतोय ना? मग त्याचे पैसे मी का देऊ?” त्यांचंही चूक नव्हतं. ओडोमीटरपोटी त्यांनी आणखी थोडी सूट दिली आणि विक्रीच्या कागदावर ‘किलोमीटर अनिश्चित’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. हा शेरा मी आग्रहाने लिहून घेतला, कारण उद्या हा मुलगा गाडी विकेल तेव्हा 91,800 हा आकडा पुन्हा कोणाच्या तरी जाहिरातीत जाता कामा नये.

मी मुलाला एवढंच विचारलं, दुसऱ्या भागाचे पैसे आज बाजूला काढून ठेवता येतील का? येत नसतील तर गाडी सोड, कारण ते काम येणार की नाही हा प्रश्न नाही, कोणत्या महिन्यात येणार एवढाच आहे. त्याने दोन दिवस घेतले आणि गाडी घेतली. घरी आणली ती टोइंग ट्रकवर.

पुढचं वर्ष

बेल्ट उतरवल्यावर एक रोलर हातात फिरवला तर कोरडा खरखरत होता. कडेचे दोरे त्यामुळेच सुटत होते. पाण्याच्या पंपाच्या शाफ्टलाही खेळ होता. तो अडकला असता तरी बेल्ट गेलाच असता. कूलरच्या पेटीतून निघालेली सील गोल राहिली नव्हती, चपटी झाली होती आणि नखाने दाबल्यावर मोडत होती. ती पेटी परत बसवताना आतला दाब सोडणारा व्हॉल्व्ह नेमका सरळ रेषेत यावा लागतो, त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं. ते ज्याच्याकडे नाही त्याला हे काम देऊ नये. कूलंटची व्यवस्था अनेकदा धुतली तरी पहिले काही आठवडे टाकीत तवंग येत राहिला. मग थांबला.

नवा रिले बसवला आणि जुन्याचे डाख पुन्हा करून तो ग्लव्हबॉक्समध्ये ठेवला. तो अजून वापरावा लागलेला नाही. गाडी एकदा मात्र चालू होईना. स्टार्टर फिरत होता, इंजिन पेट घेत नव्हतं. मुलाने फोन केला तेव्हा मी विचारलं, स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा थोडासा तरी उडतो का? “नाही, शून्यावरच आहे.” काटा उडत असता तर दुसरीकडे शोधावं लागलं असतं. तो मेलेला होता, म्हणजे संगणकाला क्रँक फिरतोय हेच कळत नव्हतं. क्लचच्या पेटीवर बसलेले दोन सेन्सर हे त्याचं ठिकाण. वायर भाजून तडकली होती. दोन्ही सेन्सर एकदमच बदलले आणि फ्लायव्हीलपासूनचं अंतर कारखान्याने सांगितलेल्या 0.8 मिलिमीटरवर लावलं.

क्लच सातव्या महिन्यात गेला. रबर सुटलं होतं, पेटीत काळे तुकडे सापडले. टॉर्क ट्यूब तशीही बाहेर आलीच होती, तेव्हा तिची बेअरिंगही बदलली. तेच काम पुन्हा खोलून करायचं म्हणजे मजुरी दुप्पट. नवी प्लेट स्प्रिंगवाली घातली. पैसे बाजूला होते, म्हणून हा प्रसंग गाडी आठवडाभर जॅकवर राहण्यापुरता झाला.

ओडोमीटरचं चक्र त्याने स्वतः बदललं, त्याचं कौतुक. आकडा 91,800 वरूनच पुढे सुरू झाला. वहीत मात्र तो आता किलोमीटरआधी तारीख लिहितो आणि बेल्टच्या ताणाची फेरतपासणी त्याच वहीत नोंदलेली आहे. आर्म झाले, टायर झाले, माउंटिंग झालं. मागची काच चौकटीपासून एका कोपऱ्यात सुटली आहे, पावसात तिथून डिकीत पाणी येतं. त्याचं काम पुढच्या महिन्यात आहे. डॅशबोर्डच्या भेगांना तो हात लावणार नाही म्हणतो, ते पैसे पुढच्या बेल्टला.